ताशी पन्नास

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हापूसचे भाव आणि क्लासेसच्या जाहिराती यांच्या बेचक्यात, एक चौकट येते. आज पहाटे उल्कावर्षाव, ताशी पन्नास उल्का, दुर्बिणीची गरज नाही, घराच्या गच्चीवरून साध्या डोळ्यांनी पाहता येईल. ही चौकट लिहिणारा माणूस कुठल्या घरात राहतो, त्या घराला गच्ची आहे का, गच्चीला कुलूप आहे का आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, याबद्दल चौकटीत अवाक्षर नसतं.

यंदा ती चौकट आमच्या घरात हिनं मोठ्यानं वाचली. मी लगेच हिशेब केला.

“ताशी पन्नास म्हणजे बहात्तर सेकंदांना एक.”

“बहात्तर सेकंदांना?” ही म्हणाली. “तेवढ्या वेळात आपल्याकडे रिक्षावाला मानसुद्धा वळवत नाही.”

कल्याणपलीकडच्या मोहन्यात राहणाऱ्याला हा आकडा किती मोहात पाडतो, ते दादरच्या माणसाला कळणार नाही. कल्याणच्या फलाटावर उभं राहायचं आणि टिटवाळा, आसनगाव, कसारा यांतलं जे आधी येईल त्यात अंग घुसवायचं, यात ज्याची उमेद गेली, त्याला दर बहात्तर सेकंदांनी हमखास येणारी कुठलीही वस्तू पाहायला आवडेल. ती उल्का आहे की आणखी काही, हा प्रश्न नंतरचा.

या उल्का हॅलेच्या धूमकेतूच्या. तो दर शहात्तर वर्षांनी वगैरे येतो आणि जाताना आपल्या वाटेवर धूळ सांडून जातो. पृथ्वी दर वर्षी मेच्या सुरुवातीला त्या धुळीतून जाते. या वर्षावाला ईटा ॲक्वेरिड्स म्हणतात, कारण उल्का कुंभ राशीतून आल्यासारख्या दिसतात. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत तो तुरळक चालू असतो, पण भर ५ आणि ६ मेच्या आसपास. धूमकेतू स्वतः १९८६ साली आला होता. तेव्हा महाराष्ट्रातल्या प्रत्येक बापाने आपल्या पोराला पहाटे उठवून काहीतरी दाखवलं. आमच्या वडिलांनीही दाखवलं. ते काय होतं यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. पुढे मोठेपणी वाचलं की गेल्या दोन हजार वर्षांत हॅलेचं दर्शन इतकं वाईट कधीच झालं नव्हतं. म्हणजे आमच्या पिढीचं नशीब पहिल्यापासूनच असं. आता तो २०६१ साली येणार. तोवर धुळीवर भागवायचं.

ही धूळ वातावरणात शिरते ती सेकंदाला सहासष्ट किलोमीटर वेगाने. आमच्या आंबिवली स्टेशनपासून सीएसएमटी हे अंतर तिला एका सेकंदाचं, आणि तेही बसून.

बाहेरच्या जगात उन्हाळी उल्कावर्षाव म्हटला की पर्सीड्स. तो १२–१३ ऑगस्टला येतो. युरोप-अमेरिकेतले लोक म्हणे त्या रात्री बागेत आडवे पडून गार वाऱ्यात उल्का मोजतात. आमच्याकडे १२ ऑगस्टला बहुतेक करून श्रावण असतो, उल्हास नदी काठोकाठ असते आणि मोहन्यातला माणूस रात्री उठून पाहतोच, पण वर नव्हे, खाली. पाणी कुठल्या पायरीला लागलंय ते. आकाशातला सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम नेमका आमच्या मुसळधार पावसात ठेवण्यामागे कोणाचा तरी हात असावा.

ज्यांना खरोखरच तारे पाहायचे असतात ते वांगणीला जातात. हॅलेच्याच निमित्ताने १९८५ साली मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं आणि त्यांच्या वांगणीच्या रात्रींनी कित्येकांना आकाशाचा नाद लावला. पण वांगणी पडली कर्जतच्या फाट्यावर आणि आम्ही कसाऱ्याच्या. म्हणजे तारे पाहायला आधी कल्याणला उलटं जायचं, पूल चढायचा, उतरायचा आणि मग त्याच्या कितीतरी पट पुढे जायचं. इतकी दगदग करून गेल्यावर माणसाला दिवसाही तारे दिसतात. तेव्हा घरूनच पाहू, असं ठरलं.

घरून म्हणजे गच्चीवरून, आणि गच्चीवरून म्हणजे सेक्रेटरींकडून.

“किल्ली कशाला हवी?” सेक्रेटरींनी दार अर्धंच उघडून विचारलं.

“उल्का बघायच्यात.”

“किती येणार?”

“उल्का की माणसं?”

“दोन्ही सांगा. रजिस्टरला लिहावं लागतं.”

मी चौकट दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि चेहरा गंभीर केला.

“ताशी पन्नास. आणि या पडणार कुठे?”

“पडत नाहीत. वाळूच्या कणाएवढ्या असतात. जमिनीपासून शंभरेक किलोमीटर वरच जळून जातात.”

“लोणारला पडली होती ना?”

“ती वेगळी. त्याला लाखो वर्षं झाली.”

“किती मोठा खड्डा आहे तो?”

“पावणेदोन किलोमीटरचा असेल.”

“बघा!” सेक्रेटरी म्हणाले. “आणि आपण गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय. त्याच्या गॅरंटीत हे बसतं का, ते आधी बघावं लागेल.”

मी त्यांना पटवत असतानाच जिन्यातून वर जाणाऱ्या एका गृहस्थांनी चंद्रपूरचा विषय काढला. २०२२च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भात आणि खानदेशात आकाशातून जळत्या वस्तूंची रांगच्या रांग गेली, लोक अंगणात येऊन उल्का उल्का म्हणून ओरडले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. नंतर कळलं की तो चिनी रॉकेटचा तुकडा होता. त्या दिवशी हिच्या मामांनी चंद्रपूरहून फोन करून “तुमच्याकडे दिसलं का?” असं ज्या आवाजात विचारलं होतं, तो आवाज माझ्या अजून कानात आहे. लग्नात आहेराचं पाकीट हातावर तोलून बघताना त्यांचा असाच आवाज लागतो. विदर्भाला पुरणपोळी खाता खाता, अंगणात दोन पावलं टाकून, कुठलीही किल्ली न मागता जे दिसलं, ते आम्हाला मोहन्यात अर्ज करून मागावं लागत होतं.

शेवटी “स्वतःच्या जबाबदारीवर” असं लिहून घेऊन सेक्रेटरींनी परवानगी दिली. आणि स्वतःही येतो म्हणाले. लक्ष ठेवायला.

एकदा सेक्रेटरी येणार म्हटल्यावर बातमी बिल्डिंगभर झाली. माझी कल्पना अशी की मी, ही, मुलगी आणि एक सतरंजी. रात्री दहापर्यंत ती सतरा माणसं, तीन थर्मास, दोन डबे भेळ आणि एक पाळणा अशी झाली. उल्का दिसणार सव्वादोननंतर, कारण कुंभ राशीतल्या ज्या बिंदूतून त्या आल्यासारख्या दिसतात, तो त्याआधी उगवतच नाही. पण मराठी माणसाला जागरण म्हटलं की कोजागरी आठवते, आणि कोजागरी आठवली की दूध आटवावंच लागतं. मेच्या उकाड्यात कोणीतरी मसाला दूध आटवलं. दुसऱ्या कोणीतरी त्यावर कैरीचं पन्हं आणलं. या दोन गोष्टी एकाच पोटात गेल्या की काय होतं, हे त्या रात्री आकाशापेक्षा अधिक स्पष्टपणे समजलं.

मेमधली गच्ची मात्र मोकळी नसते, हे चौकट लिहिणाऱ्याला कोणी सांगितलेलं नाही. मे महिन्यात गच्चीवर मालकी असते वाळवणाची. आमच्या गच्चीचा अर्धा भाग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांनी व्यापलेला होता. कुरडया म्हणजे चेष्टा नव्हे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो निवळू द्यायचा, मग हात मोडेपर्यंत घोटत शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. काकूंनी यातलं शिजवणं आणि पाडणं त्याच दिवशी उरकलं होतं. कुरडया अजून ओलसर म्हणून रात्री उचलता आल्या नाहीत. तेव्हा त्यांच्यावर जुनी सुती साडी पसरून काकूंनी सगळ्यांना दम भरला, “पूर्वेकडच्या कठड्याजवळ कोणी फिरकायचं नाही.”

उल्का नेमक्या पूर्वेकडून येणार होत्या.

आमच्यात एकच जाणकार होती, समोरच्या फ्लॅटमधली बीएस्सीची मुलगी. तिनं सुरुवातीलाच सांगितलं, ताशी पन्नास हा आकडा कधी, तर कुंभेतला तो बिंदू बरोबर डोक्यावर असेल, आकाश डोंगरातल्यासारखं काळंकुट्ट असेल आणि कुठे कणभर उजेड नसेल. आपल्याकडे उजाडायला लागतं तेव्हासुद्धा तो बिंदू जेमतेम एक तृतीयांश आकाश चढलेला असतो. बिल्डरच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असतं, तसले हे पन्नास.

“मग आपल्याला किती?” सेक्रेटरींनी विचारलं.

“मोहन्याच्या उजेडात ताशी तीन. फार तर चार.”

गच्चीवर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालं, “अभ्यासाचं टेन्शन आहे पोरीला,” आणि भेळ कालवायला घेतली.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्या वेळात मोबाइलकडेही पाहायचं नाही, असंही तिनं सांगितलं. टॉर्चवर लावायला लाल जिलेटीन आणलं होतं. सतरा माणसांना अर्धा तास मोबाइल न पाहता बसवणं हे सत्यनारायणाच्या पूजेतही जमत नाही. दर दोन मिनिटांनी कुठे ना कुठे एक चेहरा निळसर उजळायचा. “बंद करा तो!” असं ओरडणारा स्वतःच्या मोबाइलवर किती वाजले ते पाहून ओरडत होता.

शिवाय रस्त्यावरचा दिवा. हा दिवा पावसाळ्यात चार महिने बंद असतो. पाणी साचलेल्या खड्ड्याशेजारी उभा राहून तो अंधार पाडतो. त्या रात्री मात्र तो एखाद्या नव्या जावयासारखा झगमगत होता. मी मनातल्या मनात वीज जाण्याची प्रार्थना केली. मेमध्ये आमच्याकडे वीज कधीही जाते, जेवताना जाते, मॅचच्या शेवटच्या षटकात जाते, मिक्सरमध्ये चटणी अर्धी असताना जाते. त्या रात्री ती जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही सतरा जण एकत्र बसून वीज जाण्याची वाट पाहत होतो आणि पंखे खाली रिकाम्या खोल्यांतून गरागरा फिरत होते.

आईला गच्चीवर आणू नये असं माझं मत होतं. ती आलीच.

“तुटता तारा बघू नये,” ती बसता बसता म्हणाली. “तारा तुटला की कोणीतरी जातं.”

“आजी, तारा तुटला की विश मागायची असते,” मुलगी म्हणाली.

“ताशी पन्नास तुटणार आहेत,” मी माहिती दिली.

“तरीच,” आई म्हणाली, “पेपरात मागच्या पानावर एवढे फोटो असतात.”

सव्वादोनला खऱ्या निरीक्षणाला सुरुवात झाली. नेतृत्व आपोआप तळमजल्यावरच्या काकांकडे गेलं. काका इथल्या एनआरसीत कामाला होते. कंपनी २००९ साली बंद पडली, पण काकांची तिसरी पाळी अजून चालू आहे. रात्री दोन ते चार या वेळेत त्यांच्याइतका ताजातवाना माणूस अख्ख्या मोहन्यात मिळायचा नाही. त्यांनी सगळ्यांना पूर्वेकडे पाय करून आडवं व्हायला लावलं आणि स्वतः एका कडेला गप्प पडून राहिले. काका काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांना झोप लागली असं सगळ्यांनी ठरवलं.

पहिली उल्का सेक्रेटरींनी जाहीर केली. ती मुंबईच्या विमानतळावर उतरणारं विमान निघाली. दुसरीही. तिसरी अटाळीच्या बाजूने निघाली, वर चढली, फुटली आणि तिच्यातून हिरव्या ठिणग्या पडल्या. तिकडे कोणाची तरी हळद होती. हळदीच्या रात्री आगरी माणूस आकाशाची सजावट निसर्गावर सोडत नाही. त्यांच्या बाणांचा वर्षाव ताशी पन्नासच्या कितीतरी पुढचा होता, शिवाय त्याला बेंजोची साथ होती. आमच्यातली पोरं हळूहळू पाय पश्चिमेकडे करून निजली, कारण पैसे वसूल होत होते ते तिकडे.

“त्या मोजायच्या नाहीत!” बीएस्सीची मुलगी कळवळून म्हणाली.

“का? आकाशातच आहेत ना?”

मोजायचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बँकवाल्यांकडे होतं. त्यांनी रीतसर वही आणली होती. तारीख, वेळ, कोणी पाहिली, दिशा, शेरा असे रकाने आखलेले होते. मात्र नोंद करायला उजेड लागतो. म्हणजे एकाने उल्का पाहिली की बँकवाले टॉर्च लावणार, त्या टॉर्चने सोळा जणांचे सरावलेले डोळे दिपणार, ते पुन्हा अंधाराला सरावणार, तेवढ्यात पुढची नोंद. टॉर्चवर लाल कागद लावा म्हटलं तर ते म्हणाले, लाल उजेडात लाल शाई दिसत नाही. तांबड्या शाईने का लिहिताय, असं विचारण्याची कोणाची हिंमत झाली नाही. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला अशी कारणं असतात.

आणि मग तो प्रकार सुरू झाला ज्याच्यासाठी कुठल्याही चौकटीत तयारी करून घेतलेली नसते.

“ती बघा!”

“कुठे?”

“गेली.”

उल्का दिसते ती निमिषमात्र. ‘ती’ म्हणेपर्यंत ती असते, ‘बघा’ म्हणेपर्यंत ती गेलेली असते, आणि आपण मान वळवतो तेव्हा समोर दिसतं ते ओरडणाऱ्याचं बोट. मी त्या रात्री कितीतरी बोटं पाहिली. अंगठीवाली, शाईने माखलेली, भेळेच्या चिंचेची. मी उजवीकडे पाहत असलो की डावीकडे पडायची, डावीकडे वळलो की उजवीकडच्यांचा जल्लोष. शिंक आली तेव्हा म्हणे सगळ्यांत मोठी गेली, शेपटीसकट. ही माझ्या शेजारी पडली होती, तिलाही दिसली.

“अहो, अख्खं आकाश उजळलं! तुम्ही काय करत होतात?”

“शिंकत होतो.”

“आत्ताच?”

चष्मा पुसला, मान उलटी टाकली, मग एकदम पोटावर वळून हनुवटी वर करून पाहिलं. शेवटी वाटलं, आपली जागाच चुकतेय. सगळ्यांच्या डोक्यांच्या पलीकडे, जरा पूर्वेला सरकून, अंधारात एक मऊसर अंथरलेली जागा हाताला लागली, तिथे पसरलो. पडताना पाठीखाली काहीतरी कुरकुरलं. ते माझे मणके असावेत, असं मी धरून चाललो आहे.

इतरांची संख्या मात्र वाढत होती. चौथ्या मजल्यावरचा नववीतला मुलगा सदतिसावर होता. त्याने काही काळ डोळे मिटूनही मोजल्या असाव्यात, कारण मध्ये घोरण्याचा आवाज त्याच्याच दिशेने येत होता. सेक्रेटरी अकरावर थांबले, पदाला शोभेल असा आकडा. एक नवं जोडपं दोघांत मिळून सव्वीस म्हणालं. त्यांनी वर पाहिल्याचं मात्र कोणी पाहिलं नव्हतं. काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तीन.”

“फक्त तीन?” सदतीसवाला हसला.

“तीन,” काका म्हणाले.

उल्का मोजण्याचं शास्त्र मुळातच मोठं भोळं आहे. जगभरातल्या हौशी लोकांच्या नोंदी गोळा करणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८८ पासून आहे. तिला कोणीही निरीक्षण पाठवू शकतो, कुठे बसलात, आकाश किती काळं होतं, किती दिसल्या. साक्षीदार लागत नाही, फोटो लागत नाही. बघणाऱ्याच्या शब्दावर शास्त्र उभं. ही पद्धत ज्यांनी काढली त्यांनी हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा पाहिलेली नाही.

सव्वाचारच्या सुमाराला पूर्वेकडचा तो बिंदू चांगला वर आला होता. बीएस्सीची मुलगी म्हणाली, “आता खरी वेळ. पुढची तीस मिनिटं कोणी हलू नका.”

तेवढ्यात खालून वॉचमनची आरोळी आली.

“पाणी आलं!”

अर्ध्या मिनिटात गच्ची रिकामी. बादल्या, पाळणा, थर्मास, जोडपं, सगळे जिन्यातून खाली. उल्हास नदी मोहन्याला खेटून वाहते, तिच्यावर बंधारा आहे, पाणी खेचणारे पंप आहेत. पण ते पाणी नळाला केव्हा येणार याचं भाकीत करायला अजून कोणी खगोलशास्त्रज्ञ पुढे आलेला नाही. हॅले २०६१ साली जुलैअखेरीला सूर्याजवळ येईल, इथपर्यंत गणित पक्कं आहे. नळाचं तेवढं जमत नाही. त्या पहाटेच्या सर्वांत उत्तम अर्ध्या तासात आमच्या गच्चीवर फक्त काका आणि ती मुलगी उरली. त्या दोघांना त्यानंतर काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि पाण्याच्या गडबडीत कोणी विचारलंही नाही.

सकाळी साडेसातला तिसऱ्या मजल्यावरून जो आवाज आला, त्यापुढे रात्रीचे बाण फिके. काकूंनी कुरडयांवरची साडी उचलली होती. मधल्या भागातल्या साधारण चाळीस कुरडयांचा चुरा झाला होता. तेही सरसकट नाही. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे, नीट पाहिलं तर त्या चुऱ्याला खांदे, पाठ आणि बैठक अशी आकृती होती.

रविवारी सभा भरली. गणपतीची वर्गणी, लिफ्टची दुरुस्ती वगैरे विषय मागे टाकून कुरडया पहिल्या क्रमांकावर घेतल्या गेल्या. काकूंनी गव्हापासून मजुरीपर्यंत हिशेब मांडून एक हजार रुपये नुकसानभरपाई मागितली. प्रश्न असा होता की, कोण बसलं? रात्रीच्या मिट्ट अंधारात सेकंदभर चमकणाऱ्या वाळूच्या कणाएवढ्या शंभरावर वस्तू ज्या डोळ्यांनी टिपल्या, त्यांतल्या एकाही डोळ्याला पाच हातांवर कुरडयांत लोळणारा माणूस दिसला नव्हता.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी बँकवाल्यांकडून वही मागून घेतली आणि शेवटची बेरीज वाचली.

“एकूण उल्का एकशे चार. ठीक आहे. कोण बसलं ते सांगू नका. ज्यांनी ज्यांनी जेवढ्या उल्का पाहिल्या, त्यांनी दर उल्केला दहा रुपये द्यायचे. कार्यक्रमाचा आनंद ज्यांनी घेतला, त्यांनी खर्च सोसायचा. बोला.”

सभेत अशी शांतता मी पूर्वी फक्त सिंकिंग फंडाच्या वेळी अनुभवली होती.

“माझ्या सदतीस म्हणजे,” नववीतला मुलगा बापाकडे पाहत म्हणाला, “त्यात अटाळीचे बाण धरले होते. तशा दोन.”

“माझी एकच,” सेक्रेटरी म्हणाले. “बाकीची विमानं होती, हे मी तेव्हाच म्हणालो होतो. मिनिट्समध्ये घ्या.”

नव्या जोडप्याला आठवलं की ते मुळात पाणी भरायलाच गच्चीवरून खाली गेले होते आणि त्याआधी बाळाला थोपटत होते. बाळ त्यांचं नव्हतं, पण ते असो. बँकवाले म्हणाले, माझा सगळा वेळ लिहिण्यात गेला. आई म्हणाली, मी बघतच नव्हते, बघू नये. ही माझ्याकडे पाहून म्हणाली, ते आकाश उजळलं होतं ते कदाचित टॉर्चने.

काकांनी खिशातून तीस रुपये काढून टेबलावर ठेवले. “तीन म्हणालो होतो. तीन.”

बँकवाल्यांनी लाल शाईने नवी बेरीज केली. दोन, एक आणि तीन. सहा. दोन तासांत सहा म्हणजे ताशी तीन. बीएस्सीची मुलगी मागच्या खुर्चीवरून काही बोलली नाही, फक्त पहिल्यांदाच सगळ्या सभेने तिच्याकडे वळून पाहिलं.

“साठ रुपये,” काकू म्हणाल्या. “साठ रुपयांत सोऱ्याची चकतीसुद्धा येत नाही. राहिले नऊशे चाळीस.” त्यांनी वहीचं पान उलटलं. “तुमच्या नावापुढे रकाना कोराच दिसतोय.”

“मला एकही दिसली नाही,” मी म्हणालो. इतका वेळ या वाक्याची मी आतुरतेने वाट पाहत होतो. एकही उल्का न दिसल्याचा आनंद मला त्या क्षणी झाला तेवढा कोणाला झाला नसेल.

“एकही नाही? दोन तासांत?”

“एकही नाही.”

“म्हणजे तुम्ही वर बघत नव्हता,” काकू म्हणाल्या.

“बघत होतो.”

“वर बघणाऱ्या सगळ्यांना काही ना काही दिसलं. आजीबाई सोडल्या तर कोरा रकाना एकट्या तुमचा. मग पूर्वेकडे, कठड्याजवळ, अंधारात तुम्ही नक्की करत काय होता?”

सभेने माझ्याकडे पाहिलं. सेक्रेटरींनी माझ्या पाठीकडे पाहिलं. नंतर त्यांनी हाताने हवेत खांदे, पाठ आणि बैठक अशी एक आकृती काढून पाहिली, आणि ती कुठेतरी जुळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

“आता आठवलं,” मी म्हणालो. “मला बऱ्याच दिसल्या होत्या.”

“किती?” काकूंनी विचारलं.

मी पाकीट काढलं. बँकवाल्यांनी रकाना भरला. सेक्रेटरींनी सोसायटीच्या छापील पुस्तकातून पावती फाडून दिली, ती मी अजून जपून ठेवली आहे. वर शिक्का आहे, खाली सही आहे आणि मध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलंय : उल्का, नग ९४, दर रु. १०.